ठशातला विणकर: इंग्रजी लोकगीतांवरच्या चित्रांत कष्टकरी कुणी कोरला?

लोकगीतांवर बोलताना आपल्याकडे एक सवय लागली आहे. गाणे कुणाचे, चाल कुठली, शब्द कोणत्या बोलीतले यावर तासन्‌तास चर्चा होते. गाण्याबरोबर छापलेल्या चित्राकडे मात्र कुणी पाहत नाही. मुखपृष्ठावर डफ घेतलेला शाहीर काढला की काम झाले, असे प्रकाशकाला वाटते आणि वाचकालाही. आम्हाला हे मान्य नाही. ज्या समाजांना शतकानुशतके स्वतःचे चित्र स्वतः काढू दिले गेले नाही, त्यांच्यातल्या कार्यकर्त्यांनी तरी आधी विचारले पाहिजे की हात कुणाचा होता आणि ठसा कुणाच्या मालकीचा होता.

हा प्रश्न तपासायला आम्ही या लेखात इंग्लंडमध्ये जात आहोत. कारण साधे आहे. तिथल्या गरिबांची गाणी सोळाव्या शतकापासून कागदावर छापली गेली, त्यांवर चित्रे छापली गेली आणि त्यातले हजारो कागद आजही टिकून आहेत. जातीचा प्रश्न तिथे नव्हता, वर्गाचा होता. म्हणूनच त्या चित्रांतून वर्गाचे राजकारण स्वच्छ दिसते आणि वर्गाचे राजकारण कुठे आंधळे होते तेही दिसते.

आधी तो कागद कसा होता ते पाहू. एका बाजूने छापलेला, किंमत अर्धी पेनी किंवा एक पेनी. सर्वांत वर गाण्याचे ऐसपैस नाव, ज्यात अर्धी गोष्ट सांगून टाकलेली असे. त्याखाली 'अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे' अशी सूचना, मग एक-दोन चित्रे आणि खाली दोन-तीन रकान्यांत गाणे. याला तिथे बॅलड म्हणत. विकणारा माणूस किंवा बाई बाजारात, पुलावर, दारूच्या गुत्त्याच्या दाराशी उभे राहून गाणे म्हणत आणि गर्दी जमली की कागद विकत. ज्याला वाचता येत नसे तोही घेई, कारण चाल ओळखीची असे आणि चित्र घरच्या भिंतीला चिकटवता येई. गरिबाच्या घरातले ते एकमेव चित्र असण्याचीही शक्यता मोठी.

हे गाणारे लोक सरकारच्या दृष्टीने कोण होते? १५७२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने भटक्यांविरुद्ध कायदा केला. परवान्याशिवाय गावोगाव फिरणारे गायक-वादक, फेरीवाले, कल्हईवाले अशा सगळ्यांना त्यात 'भटके गुन्हेगार' ठरवले. शिक्षा होती चाबकाचे फटके आणि तापलेल्या लोखंडाने कानाला भोक. त्याच राज्यकर्त्या वर्गाच्या वारसांनी १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणला, हे आमच्या भटक्या-विमुक्त बांधवांना वेगळे सांगायला नको.

आता चित्रे. ती लाकडी ठशांची होती. फळीवर रेघा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढायचे आणि तो ठसा शिशाच्या खिळ्यांच्या शेजारी बसवून एकदमच छापायचे. ठसा कोरायला पैसे लागत, म्हणून छापखानेवाला एकच ठसा वीस-तीस वर्षे वापरी, दुसऱ्याला विकी, तिसरा त्याची नक्कल करी. लाकडाला कीड लागली की चित्रात राजाच्या चेहऱ्यावर पांढरी भोके दिसत. आजही छोट्या छापखान्यात निमंत्रणपत्रिकेसाठी तयार ब्लॉकचा संच असतो ना, तसाच हा प्रकार. प्रेमाचे गाणे आले की एक ठरलेली जोडी, खुनाचे आले की फासाचा खांब. टोपी घातलेला, एक हात पुढे केलेला एक उमदा पुरुष तर सतराव्या शतकातल्या इतक्या गाण्यांवर भेटतो की ख्रिस्तोफर मार्श या इतिहासकाराने त्याच्या भटकंतीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे.

आणि इथेच गोम आहे. हे तयार ठसे बहुतेक कुणाचे होते? झालरीची कॉलर लावलेले सरदार, हातात पंखा धरलेल्या बायका, राजे, राण्या, घोडेस्वार. गाणे मोलकरणीचे असले तरी वर चित्र पंखेवालीचे. गाणे उपाशी कारागिराचे असले तरी वर टोपीवाला साहेब. कष्टकऱ्यांचे ठसे अजिबात नव्हते असे नाही. नांगर धरणारा, मेंढपाळ, चांभार, दुधाची चरवी डोक्यावर घेतलेली गवळण हे अधूनमधून दिसतात. पण पेटीत सहज हाताला येणारा ठसा हा मालकाचा होता. मार्श आणि इतर काही अभ्यासक म्हणतात की हा निष्काळजीपणा नव्हता, लोक त्या आकृत्यांना ओळखीच्या नटांसारखे ओळखत आणि दर गाण्यात त्यांना नवी भूमिका देत. हे आम्हाला पटते. पण मग एक विचारावे वाटते: मजुराची भूमिका करायला नट नेहमी सरदाराच्या घरचाच का लागावा?

गाणी लिहिणारे मात्र कष्टकऱ्यांमधले होते आणि ही विसंगती विसरता कामा नये. थॉमस डेलोनी हा पेशाने रेशीम विणणारा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये त्याच्याइतका खपणारा गीतकार क्वचितच असेल. १५९६ साली धान्य महाग झाले, माणसे उपाशी मरायला लागली, तेव्हा त्याने धान्यटंचाईवर एक गाणे लिहिले. त्यात खुद्द राणी प्रजेशी बोलते अशी कल्पना होती. लंडनचा महापौर खवळला, गाणे जप्त करायला आणि डेलोनीला पकडायला माणसे सुटली. गरिबाने राणीच्या तोंडी शब्द घालणे हा गुन्हा, आणि गरिबाच्या गाण्यावर राणीचे चित्र छापणे हा धंदा.

डेलोनीचा गौरव करून थांबलो तर मात्र अर्धेच सत्य सांगितले असे होईल. त्याच्या आदल्याच वर्षी, १५९५ साली, तो आणि त्याचे सोबती विणकर तुरुंगात गेले होते ते एका तक्रारपत्रामुळे. ती तक्रार मालकांविरुद्ध नव्हती. फ्रान्स आणि नेदरलँड्समधून जीव वाचवून आलेल्या परक्या विणकरांनी आपला धंदा बुडवला, अशी ती तक्रार होती. विणकराने विणकराला मागावरून उठवण्याची मागणी. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती मुंबईत भेटणार आहे.

सतराव्या शतकात कापड व्यापाऱ्यांवरचे एक गाणे निघाले, 'क्लोदियर्स डिलाइट'. क्लोदियर म्हणजे लोकर विकत घेऊन ती घरोघरच्या पिंजणाऱ्यांना, कातणाऱ्यांना, विणणाऱ्यांना वाटणारा आणि तयार कापड विकणारा सावकार-व्यापारी. या गाण्याची युक्ती अशी की बोलणारा स्वतः तो व्यापारीच आहे. आपण मजुरी कशी कमी करतो, मंदीचे कारण कसे सांगतो, पैशाऐवजी माल कसा गळ्यात मारतो, हे तो मोठ्या खुशीत सांगतो. शोषकाच्या तोंडूनच शोषणाची कबुली वदवून घ्यायची, ही रीत सत्यशोधक जलशांतल्या भटजीच्या पात्रापासून आपल्यालाही परिचित आहे. औद्योगिक क्रांतीच्या शंभर वर्षे आधी मजुरी कापण्याचे सगळे तंत्र एका पेनीच्या कागदावर उघडे पडले होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांना तिथे पोचायला वेळ लागला.

हे कागद टिकले कसे? ज्यांच्यासाठी छापले त्यांनी ते भिंतीला लावले, फाडले, चुलीत घातले. टिकवले ते संग्राहकांनी. त्यातला सर्वांत प्रसिद्ध सॅम्युएल पेप्स. रोजनिशीमुळे गाजलेला, नौदलाच्या कारभारातला बडा अधिकारी. त्याने जमवलेली सुमारे १८०० गाणी केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पाच खंडांत ठेवलेली आहेत. हा पेप्स एका शिंप्याचा मुलगा होता. आता त्याने गाण्यांची वर्गवारी कशी केली ते पाहा: भक्ती आणि नीती, इतिहास, खून आणि फाशी, राज्यकारभार, सुखी प्रेम, दुःखी प्रेम, लग्न आणि व्यभिचार, समुद्र, मद्यपान आणि दोस्ती, विनोद. समुद्राला स्वतंत्र कप्पा मिळाला, कारण साहेब नौदलातले. शिंप्याच्या मुलाला 'मजुरी' नावाचा कप्पा मात्र सुचला नाही. विणकराचे गाणे शोधायचे असेल तर ते भक्तीत, विनोदात किंवा राज्यकारभारात शोधा. अभिलेखागारातले कप्पे कोण पाडतो, याचे महत्त्व आम्ही वारंवार का सांगतो ते यावरून कळावे.

अठराव्या शतकात चित्र गाण्यापासून सुटे झाले आणि उलट गाणेच चित्रात शिरले. विल्यम होगार्थने १७४७ साली 'इंडस्ट्री अँड आयडलनेस' ही बारा चित्रांची मालिका काढली. पहिल्या चित्रात दोन उमेदवार विणकर मागावर बसले आहेत. एक मन लावून विणतो आहे, दुसरा झोपला आहे. मेहनती पोराच्या मागे भिंतीवर गाण्याचे कागद लावले आहेत, लंडनचा महापौर झालेल्या गरीब व्हिटिंग्टनचे वगैरे. झोपाळूच्या डोक्यावर मॉल फ्लँडर्स या बदनाम बाईचा कागद. पुढे मेहनती पोरगा मालकाच्या मुलीशी लग्न करून महापौर होतो आणि झोपाळू टायबर्नला फासावर जातो. अकराव्या चित्रात फासाच्या मिरवणुकीत एक बाई त्याचाच 'शेवटचा कबुलीजबाब' छापील कागदावर विकते आहे. म्हणजे विणकराच्या वाट्याला दोनच गाणी. एकतर महापौर व्हा, नाहीतर फासावर जा. आयुष्यभर विणून म्हातारपणी उपाशी मरणाऱ्या लाखोंचे चित्र या बारा पाट्यांत नाही. होगार्थ स्वतः गरिबीतून वर आलेला आणि मोठ्या ताकदीचा चित्रकार, याबद्दल वाद नाही. पण 'मेहनत कर, वर येशील' हा उपदेश देणाऱ्याला व्यवस्थेकडे बोट दाखवावे लागत नाही, ही त्याची मोठी सोय असते. आजच्या 'मेरिट'च्या भाषणांत तीच सोय आहे.

त्यानंतर जे घडले ते आमच्या वाचकांनी नीट वाचावे. १७९१ आणि १७९२ साली थॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले. हेच ते पुस्तक, जे तरुण जोतीराव फुल्यांनी वाचले आणि ज्याने त्यांच्या विचारांना धार आली. इंग्लंडमधले कारागीर ते वाचनमंडळांत मोठ्याने वाचत होते. सरकारने पेनवर खटला भरून त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले. पण पुस्तकावर बंदी घालून विचार थांबत नाही, हे हॅना मोर या धर्मनिष्ठ बाईंना सरकारपेक्षा आधी कळले. त्यांनी १७९५ साली 'चीप रिपॉझिटरी ट्रॅक्ट्स' सुरू केली. युक्ती काय? गरिबांच्या गाण्याच्या कागदासारखाच कागद, तसाच लाकडी ठसा, तशीच किंमत, तेच फेरीवाले. आत माल मात्र वेगळा. दुकानात ठेवले तर नेहमीचे गाणे वाटावे आणि घरी नेल्यावर आत 'समाधानी राहा, धन्याशी भांडू नका' असा उपदेश निघावा. वर्षभरात २० लाख प्रती गेल्या. यातल्या पुष्कळ जमीनदारांनी आणि पाद्र्यांनी गठ्ठ्याने घेऊन फुकट वाटलेल्या होत्या, हे सांगायला हवे.

या मालिकेतले 'पेशंट जो' हे न्यूकॅसलच्या एका कोळसा खाणकामगाराचे गाणे. जो अतिशय सोशिक. काहीही झाले तरी ते भल्यासाठीच, असे मानणारा. एके दिवशी कुत्रा त्याची शिदोरी पळवतो, जो त्याच्या मागे धावतो, तेवढ्यात खाण कोसळते आणि त्याची टवाळी करणारा सोबती आत मरतो. सोशिक जो वाचतो. खाण का कोसळली, लाकडी टेकू कुणी वाचवले, मेलेल्याच्या बायकापोरांचे काय झाले, हे गाणे विचारत नाही. कर्मविपाकाचा सिद्धांत सांगायला पुनर्जन्म लागतोच असे नाही, एक कुत्राही पुरतो! लोकांचे माध्यम उचलायचे, त्याचे रूपडे तसेच ठेवायचे आणि आतला जीव बदलायचा. आमच्या महापुरुषांच्या तसबिरी लावून आमच्याच वस्त्यांत जे काही वाटले जाते, ते हातात घेताना हॅना मोर आठवावी.

याच काळात न्यूकॅसलच्या त्याच परिसरात थॉमस ब्युइक नावाचा ठसे कोरणारा कारागीर काम करत होता. बाप लहानशी शेती आणि छोटी कोळसा खाण चालवणारा. ब्युइकने फळीऐवजी बॉक्सवुडच्या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर, धातू कोरण्याच्या हत्यारांनी काम केले. त्यामुळे केसाएवढी बारीक रेघ काढता येऊ लागली आणि ठसा हजारो प्रती टिकू लागला. लहानपणी खेड्यातल्या घराघरांत भिंतींवर लावलेली ठशांची मोठी चित्रे पाहिल्याचे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. तो प्रसिद्ध आहे पक्ष्यांच्या पुस्तकासाठी. पण त्या पुस्तकात प्रकरणाखाली जागा उरली की तिथे त्याने इवलीशी चित्रे भरली: रस्त्याकडेला खडी फोडणारा, लाकडी पायाचा सैनिक, हाडूक चघळणारा भुकेला आणि त्याच्याकडे पाहणारा कुत्रा. इथे प्रथमच असे वाटते की हा माणूस पेटीतून काढलेला नाही, रस्त्यावर पाहिलेला आहे. तरी त्याची जागा पाहा. पान पक्ष्याचे, कष्टकरी तळाशी, उरलेल्या पांढऱ्या जागेत.

आणखी एका माणसाचे चित्र आम्हाला या सगळ्यांपेक्षा मोठे वाटते. १८१७ साली जॉन थॉमस स्मिथने लंडनच्या भिकाऱ्यांच्या चित्रांचे 'व्हॅगाबाँडियाना' हे पुस्तक काढले. त्यात जोसेफ जॉन्सन आहे. कृष्णवर्णीय, व्यापारी जहाजावरचा खलाशी, जखमी होऊन कामातून गेलेला. नौदलात नसल्याने पेन्शन नाही, परक्या देशात जन्मल्यामुळे कोणत्याही गावाच्या मदतनिधीवर हक्क नाही. मग हा माणूस काय करतो? 'नेल्सन' जहाजाची प्रतिकृती बनवून ती टोपीवर बांधतो आणि खलाशांची गाणी म्हणत रस्त्याने फिरतो. मान हलवली की डोक्यावरचे जहाज लाटांवर डुलल्यासारखे डुलते. पुस्तकात त्याची गणना भिकाऱ्यांत केली आहे. आम्ही त्याला भिकारी म्हणणार नाही. ज्या साम्राज्याच्या जहाजांनी त्याला वापरून फेकले, ते जहाज डोक्यावर घेऊन त्याच साम्राज्याच्या राजधानीत तो रोज मिरवत होता. कागदावर छापलेला ठसा त्याच्याकडे नव्हता, म्हणून तो स्वतःच चित्र झाला. योगायोग असा की हा स्मिथ ज्या ब्रिटिश म्युझियममध्ये चित्रविभागाचा प्रमुख होता, त्याच म्युझियमच्या वाचनालयात शंभर वर्षांनी बाबासाहेब दिवसभर बसून अभ्यास करत होते.

चित्रांनी कायदा बदलल्याचेही एक उदाहरण आहे. १८३८ साली यॉर्कशरमधल्या हस्कर खाणीत पाणी शिरून २६ मुले-मुली बुडून मेली. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि मे १८४२ मध्ये त्याचा अहवाल आला. सरकारी अहवाल कोण वाचतो? पण यात चित्रे होती. कमरेला पट्टा, दोन पायांमधून साखळी, आणि जेमतेम दीड-दोन फूट उंचीच्या बोगद्यातून चार पायांच्या जनावरासारखी कोळशाची गाडी ओढणारी मुलगी. ती पाहून लंडनचे दिवाणखाने हादरले आणि त्याच वर्षी बायकांना आणि दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरवायला बंदी झाली. हा विजय होता, पण कसला हेही पाहिले पाहिजे. दिवाणखान्यांना धक्का बसला तो मजुरीचा नाही, उघड्या अंगाचा. अंधारात स्त्री-पुरुष अर्धवस्त्र एकत्र काम करतात, या 'अनीती'ची चर्चा जास्त झाली. ज्या बायकांचे काम गेले त्यांना पर्यायी काम कुणी दिले नाही. वरच्या वर्गाला दया येते तेव्हा ती कशाची येते, हे तपासून घ्यावे.

कामगाराने कामगाराचे चित्र काढले का? काढले. जेम्स शार्पल्स हा लँकेशरचा लोहार. दिवसभर भट्टीवर काम आणि उरलेल्या वेळात चित्रकला, तीही स्वतःची स्वतः शिकलेली. 'द फोर्ज' हे भट्टीचे तैलचित्र त्याने आधी रंगवले आणि मग जवळजवळ दहा वर्षे खपून स्वतःच पोलादी पत्र्यावर कोरले. इंजिनिअरिंग कामगारांची मोठी संघटना १८५१ साली उभी राहिली, तिचे मानचिन्ह त्यानेच काढले. कामगारांच्या घरी फ्रेम करून लावलेले हे चित्र म्हणजे हॅना मोरच्या ठशाला दिलेले उत्तर. पण या चौकटीत कोण बसले? कुशल, उमेदवारी पुरी केलेला, वर्गणी भरू शकणारा पुरुष. त्या संघटनेच्या परंपरेतल्या युनियनने बायकांना सभासदत्व दिले ते १९४३ साली, तेही महायुद्धाने कारखाने बायकांनी भरून गेल्यावर. स्वतःचे चित्र स्वतः काढल्याने सगळे चित्रात येतात असे नाही.

दुसरीकडे वरच्या वर्गाने लोकगीत धुऊन-पुसून बाळांच्या खोलीत नेले. रँडॉल्फ काल्डेकॉटची १८८२ सालची 'द मिल्कमेड' पाहा. चित्रे देखणी आहेत यात शंका नाही. गवळणीची गोष्टही झणझणीत आहे. हुंडा नाही म्हणून लग्नाला नकार देणाऱ्या तरुणाला ती फटकारते. पण तिच्या पायाला शेण नाही, पहाटे चारची थंडी नाही, हाताला भेगा नाहीत. पुढे १९०३ मध्ये सेसिल शार्पने सॉमरसेटमधल्या एका पाद्र्याच्या बागेत गवत कापणाऱ्या जॉन इंग्लंड या माळ्याचे गाणे टिपून घेतले आणि त्याच संध्याकाळी ते पियानोच्या साथीने सभ्य मंडळींपुढे गायले गेले. माळ्याचे गाणे हवे, माळ्याची मजुरी विचारायची नाही. शार्पच्या व्याख्येत खरे लोकगीत म्हणजे अडाणी खेडुताचे. छापील कागदावरचे गाणे भ्रष्ट, आणि गिरणी-खाणीचे गाणे तर हिशेबातच नाही. नेमके तेव्हाच डरहॅमच्या खाणींत टॉमी आर्मस्ट्राँग संपावर आणि स्फोटात मेलेल्या सोबत्यांवर गाणी रचून, कागद विकून त्यांच्या कुटुंबांसाठी पैसे उभे करत होता. 'लोककला' हा शब्द ऐकला की आम्ही सावध होतो ते यामुळे. बहुधा त्यातून 'लोक' गाळून 'कला' ठेवलेली असते.

आता मुंबई. संबंध ओढून-ताणून आणलेला नाही, तो धाग्याचाच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशरला कापूस मिळेना, गिरण्या बंद पडल्या, बेकार विणकर रस्त्यावर गाणी म्हणत फिरू लागले. सॅम्युएल लेकॉक या बेकार विणकराची गाणी त्या काळची साक्ष आहेत. मुंबईतून जो कापूस तिथे गेला त्याला ते 'सुरत' म्हणत, जरी त्यात खानदेशचाही कापूस असे. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. लँकेशरच्या बोलीत 'सुरत' ही जवळजवळ शिवी झाली आणि ती गाण्यांतही उतरली. त्या दुष्काळाची चित्रे लंडनच्या साप्ताहिकांत आली, सूप वाटपाच्या रांगांची. पण ज्याने तो कापूस पिकवला तो शेतकरी ना गाण्यात आहे ना चित्रात. युद्ध संपले, भाव कोसळले, तो सावकाराच्या घशात गेला आणि १८७५ साली दख्खनचे दंगे झाले.

लँकेशरच्या मागावर एक पद्धत होती. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. विणकर याला धोट्याचे चुंबन म्हणत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई, त्यातून रोग पसरतात म्हणून तिथे डॉक्टर ओरडत होते. तोच माग, तोच धोटा, तीच पद्धत मुंबईच्या गिरण्यांत आली. इथे प्रश्न रोगाचा राहिला नाही, विटाळाचा झाला. अस्पृश्याच्या ओठाला लागलेले सूत सवर्ण विणकर तोंडात कसे घेणार? म्हणून जास्त मजुरीचे विणखाते अस्पृश्यांना बंद आणि त्यांच्या वाट्याला कमी पगाराचे रिंगखाते. ही बंदी मालकाने नव्हे, सोबतच्या कामगाराने राखली होती. १५९५ च्या लंडनमधल्या विणकरांचे तक्रारपत्र आठवा. फरक एवढाच की परका विणकर दोन पिढ्यांत इंग्रज होऊ शकत होता.

१९२८ साली मुंबईत लाखाहून अधिक गिरणी कामगारांचा संप झाला. संपाच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी घातली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती सहजासहजी पचली नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे कामगार म्हणजे शार्पल्सच्या मानचिन्हातला कामगार होता, पिळदार दंडाचा, एकसंध. आठ वर्षांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे असे मांडले, तेव्हा त्यामागे हे विणखाते होते असे आम्ही मानतो.

त्या गिरण्यांवर पुष्कळ पुस्तके आली आहेत. त्यांत मोर्चे आहेत, लाल झेंडे आहेत, चाळी आहेत, भोंगे आहेत. रिंगखात्यात उभ्या असलेल्या आमच्या आजोबांचे, नाव आणि खाते लिहिलेले चित्र आम्ही अजून शोधतो आहोत. कुणाच्या घरी पत्र्याच्या पेटीत गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, जलशाचे हस्तपत्रक किंवा खात्यात काढलेला फोटो असेल तर तो लॅमिनेट करू नका, कागद खराब होतो. दोन्ही बाजू स्कॅन करा, मागे पेन्सिलीने नाव, गिरणी, खाते आणि साल लिहा. खाते लिहायला विसरू नका.